शेवटच्या चौकटीतला रिकामा फुगा

सुधाकर पेंटरला अक्षरं येत होती, वाक्यं येत नव्हती. हे चिखलीत कुणीही सांगेल, आणि तो स्वतःही नाकारणार नाही. ‘माऊली कृषी केंद्र’, ‘किराणा व जनरल’, ‘येथे वाहन लावू नये’ या सगळ्या मजकुरांना त्यानं आयुष्यभर सारख्याच मानानं वागवलं. त्याचा ‘फ’ पाहायला लोक सायकल थांबवायचे. पण सत्काराला दोन शब्द बोल म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला, तेव्हा ‘नाव काय तुझं’ हा एवढासा प्रश्नही त्याच्या वतीनं मामानं विचारला होता. ती मुलगी, म्हणजे वंदना, पुढं चौतीस वर्षं बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. दोघांचं चांगलं चाललं.

फ्लेक्स आले आणि पेंटर लोकांचं जे व्हायचं ते झालं. कुणी रिक्षा घेतली, कुणी सेंट्रिंगच्या कामाला गेलं. सुधाकरनं बसस्टँडच्या मागचं दुकान काही सोडलं नाही. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं, ट्रॉलीच्या मागं ‘आईची कृपा’, शाळेच्या भिंतीवर पाढे, असं काहीबाही मिळायचं. सकाळचे दोन तास हाताला रंग लागायचा आणि मग सगळी दुपार मोकळी. मोकळ्या दुपारी माणूस एक तर पत्त्यांना लागतो नाही तर राजकारणाला. सुधाकर तिसऱ्याच गोष्टीला लागला.

त्याची मुलगी निशिगंधा बुलढाण्याला शाळेत शिकवते. तिनं जुना फोन त्याला दिला आणि यूट्यूब कसं लावायचं ते दाखवून दिलं. सुधाकरनं पहिल्यांदा शोधलं ते ब्रशनं अक्षर लिहिणाऱ्या लोकांना. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा मासळीच्या दुकानावर सोनेरी अक्षरं लिहीत होता. सुधाकरनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आता यूट्यूबचा स्वभाव गल्लीतल्या चौकस म्हातारीसारखा. तुम्ही एक विचारा, ती सात सांगणार. त्या म्हाताऱ्याच्या मागोमाग आली कणकेच्या बाहुल्यांची फिल्म. सगळं गावच कणकेचं आणि सगळ्यांना भीती एकाच गोष्टीची, भट्टीची. शब्द एकही नाही. बावीस मिनिटं सुधाकर जागचा हलला नाही. बाहेर गिऱ्हाईक दोनदा खाकरून निघून गेलं.

मग त्याला नादच लागला. जगात कुठं कुठं, कुणी कुणी, काय काय करून ठेवलं होतं! काड्यापेटीतल्या काड्यांचं लग्न, पेटण्याच्या आधीचं. दीपगृहात एकट्यानं राहून आपल्याच बुटाशी मैत्री केलेला माणूस. दोन तासांच्या सिनेमात दुसरं काही घडतच नाही. रबरी कातड्यातला एक राक्षस, ज्याच्या पाठीवरची चेन चक्क दिसत होती. आणि तरी तो राक्षस इतका उदास होता की सुधाकरला त्याची कीव आली. वंदना एकदा डोकावून म्हणाली, “हे काय पाहून राह्यले तुमी? याच्यापेक्षा क्रिकेट तरी पाहा.” त्याला सांगता आलं नाही. सांगता आलं असतं तर तो म्हणाला असता की या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुणीही मागितलेलं नसताना, कुठल्याशा खोलीत बसून, एका माणसानं किंवा फार तर दोघांनी हे केलंय. आणि त्याला ती खोली ओळखीची वाटायची. तिथून तो एकदा उठून आला होता आणि परत जायची वाट विसरला होता.

गेल्या भाद्रपदात, अशाच एका दुपारी, तो एका वेबसाइटवर पोचला. ‘अडगळीची खोली’ असं तिचं नाव. जगभरातली विसरलेली, विक्षिप्त, बेवारशी चित्रपुस्तकं लोक तिथं आणून ठेवायचे आणि त्यांच्यावर तावातावानं भांडायचे. सुधाकर बोटानं पानं सरकवत होता. कुठलं तरी जपानी, कुठलं तरी मेक्सिकोचं. आणि मधेच एक एसटी आली. नाकाडाची जुनी एसटी, कपाळावर पाटी, आणि पाटीवर ‘सातमोरी’.

फोन त्यानं टेबलावर पालथा घातला. मग उठून पाणी प्यायला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि पुन्हा फोन सुलटा केला. एसटी तिथंच होती. ती त्यानंच काढली होती, छत्तीस वर्षांपूर्वी.

‘सातमोरीची गाडी’. सोळा पानं, काळी शाई. एका बोर्डवाल्याची गोष्ट. बोर्डवाला म्हणजे एसटीच्या कपाळावर लावायच्या गावांच्या पाट्या रंगवणारा. एक दिवस डुलकी लागून तो नसलेल्याच गावाचं नाव लिहितो, सातमोरी. डेपोत कुणी विचारत नाही, ड्रायव्हर पाटी वाचून गाडी काढतो, आणि गाडी खरंच सातमोरीला पोचते. तिथून आलेल्या माणसांच्या सावल्या त्यांच्या आधी घरी पोचलेल्या असतात. ज्याचं जे हरवलंय ते तिथं सापडतं म्हणे. हळूहळू सगळे जाऊ लागतात. शेवटच्या पानावर त्या गाडीत एक मुलगी बसलीय, खिडकीशी. खाली बोर्डवाला उभा, एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्यात ब्रश, तोंड मिटलेलं. मुलीच्या तोंडाशी बोलण्याचा फुगा आहे, मोठा, गोल. फुगा रिकामा आहे. आणि चित्राच्या खाली, पानाच्या तळाशी, छापलेली एक ओळ: ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं! – पिंट्या, सोनी, बाळ्या.’

या रिकाम्या फुग्यानं आणि या एका ओळीनं त्या वेबसाइटवर धुमाकूळ घातला होता. कुणी सगळं पुस्तक इंग्रजीत करून टाकलं होतं. खाली दोनशेच्या वर लोक बोलत होते. सुधाकर फोनकडून एकेकाचं मराठी करून घेत वाचत बसला. ब्राझीलच्या एका बाईनं तो रिकामा फुगा दंडावर गोंदवून घेतला होता, फोटोसकट. एक प्राध्यापक म्हणत होता, हा फुगा म्हणजे बोलू न दिलेल्या स्त्रियांचं मौन. दुसरा त्याला मूर्खात काढून म्हणत होता की फुगा वाचकानं भरायचा आहे. तळाच्या ओळीवर तर तीन वर्षं वाद चालला होता. शेवट सुखाचा, मुलीचं लग्न होतं आणि लहान मुलं बोलावणं करतात, असा एक पक्ष. लग्न तिचं पण बोर्डवाल्याशी नव्हे, म्हणून ही ओळ सुरीसारखी, असा दुसरा पक्ष. कर्ता अज्ञात, यावर मात्र एकमत होतं.

खरं काय ते चिखलीत दोघांना माहीत होतं. त्यातले छापखान्याचे नारायणराव कधीच वारले.

नारायणरावांचा ट्रेडल छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निधनाची पत्रकं. चातुर्मासात लग्नं नसतात, मशीन रिकामं असतं, म्हणून नारायणरावांनी सुधाकरच्या हौसेखातर चित्रांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे ठसे, अकोल्याहून करवून आणले आणि उरलेल्या पत्रिकांच्या पिवळ्या कागदावर दोनशे प्रती काढून दिल्या. शेवटचं पान लावायच्या वेळी मशीनवर एका पत्रिकेचा मजकूर बांधलेला होता. तो सोडवताना तळाची किलबिल, म्हणजे घरातल्या पोरांच्या नावानं छापतात ती ओळ, तशीच राहून गेली आणि दोनशेच्या दोनशे पानांवर उमटली. सुधाकर पाहत राहिला. नारायणराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “राहू दे बे. खालचं कोन वाचते?” कुणाची पत्रिका होती ती, हे सुधाकरला विचारावं लागलं नाही. प्रुफाचा कागद बाजूलाच पडला होता. चि. सौ. कां. पद्मजा.

पद्मजा म्हणजे उत्तमराव अडत्यांची धाकटी बहीण. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वाचनालयात यायची. सुधाकर तेव्हा बावीस वर्षांचा, धामणगाव बढ्याहून काम शिकायला आलेला. वाचनालयात तो नियमांचा फलक रंगवत होता आणि जेवणाच्या सुट्टीत वहीत विहिरीवरून उडणारी एसटी काढत बसला होता. ती मागं येऊन उभी राहिली.

“याच्यात कोनीच बोलत काऊन नाही?” तिनं विचारलं.

“काय बोलाव थे सुचत नाही मले.”

“मी लिहून देऊ?”

एवढ्यावर ठरलं. उत्तमरावांच्या बहिणीनं पेंटरशी बसस्टँडवर उभं राहून बोलावं, असा तो काळ नव्हता आणि ते गावही नव्हतं. सुधाकर पान काढायचा, सगळे फुगे रिकामे ठेवायचा, आणि वाचनालयातल्या मागच्या महिन्याच्या पेपरांच्या गठ्ठ्यात सरकवून द्यायचा. मागच्या महिन्याचा पेपर कोण उघडतंय? चारसहा दिवसांनी पान तिथंच परत मिळायचं. फुग्यांमध्ये तिचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर. मग सुधाकर त्याच्यावर शाई फिरवायचा आणि पेन्सिल खोडून टाकायचा. कामाचा नियम तिनंच पहिल्या दिवशी घालून दिला होता. “कोन बोलनार थे तू ठरव. फुगा तू काढ. काय बोलनार थे मी पाहते.”

आठ महिन्यांत सोळा पानं झाली. समोरासमोर त्यांची बोलणी मोजून दहा-बारा झाली असतील. पण सुधाकरला विचाराल तर आयुष्यात तेवढं तो कुणाशीच बोलला नाही. तो ड्रायव्हरला फुगा काढायचा आणि ड्रायव्हर असं काही बोलून जायचा की सुधाकर एकटाच हसत बसायचा. म्हाताऱ्या प्रवाशाला फुगा काढला तर तो म्हातारा त्याच्या आजोबांसारखा बोलायचा, आणि तिनं तर आजोबांना पाहिलंही नव्हतं. त्याच्या मनातलं तिला कळायचं. त्यानं तोंड उघडायच्या आधीच लिहून यायचं. त्याला ती हवी होती. हे कुणाला सांगायचं असतं आणि कसं सांगायचं असतं, तेवढंच त्याला माहीत नव्हतं.

सोळावं पान त्यानं श्रावणात गठ्ठ्यात ठेवलं. खिडकीतल्या मुलीचा चेहरा त्यानं पद्मजाचाच काढला होता, चोरून नाही, अगदी उघड. आणि तिच्या तोंडाशी भला मोठा फुगा काढला. काय ते आता तूच सांग, असं त्याला म्हणायचं होतं. पान चार दिवसांत आलं नाही. पंधरा दिवसांनी आलं. फुगा रिकामा होता. त्यानं पान उजेडात तिरपं धरून पाहिलं, काही लिहून खोडलंय का. काही नव्हतं. त्याच आठवड्यात गावात कळलं की उत्तमरावांनी बहिणीचं जमवलं, मुलगा अकोल्याचा, बँकेत. तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताला. सुधाकर समजायचं ते समजला. रिकामा फुगा हेच तिचं उत्तर. पान तसंच ब्लॉकला गेलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, भालदार-चोपदार आणि नवरानवरीचं नाव रंगवायची आपल्याकडं रीत, आणि चिखलीत अक्षर म्हटलं की सुधाकर. उत्तमरावांचा निरोप आला. नाही म्हणायलाही वाक्य लागतं. तो डबे घेऊन गेला.

शिडीवर उभं राहून त्यानं तिचं नाव सोनेरी रंगात लिहिलं. लोक म्हणतात, तसं अक्षर त्यानं पुन्हा काढलं नाही. नवऱ्याचं नाव लिहायचं होतं तेवढ्यात ती स्वतः चहा घेऊन बाहेर आली.

“शेवटलं पान छापलं काय?”

“छापलं.”

“तसंच?”

“तसंच.”

ती थोडा वेळ उभी राहिली. मग “बरं” म्हणाली, कपबशी रंगाच्या डब्याशेजारी ठेवली आणि आत गेली. सुधाकरनं ‘चि. देवानंद’ लिहिलं, खाली तारीख टाकली, शिडी काढली. लग्नात आहेराच्या टेबलावर त्यानं ‘सातमोरीची गाडी’ची एक प्रत कागदात गुंडाळून ठेवली. तेवढ्या एका प्रतीच्या मुखपृष्ठावर, एसटीच्या पाटीवर, त्यानं भिंतीचा उरलेला सोनेरी रंग हातानं लावला होता. बाकीच्या प्रती बसस्टँडवर आणि मोताळ्याच्या बाजारात थोड्याफार खपल्या, उरल्या त्यांना वाळवी लागली. ‘तसंच?’ या एका शब्दाचा अर्थ लावण्यात त्याची पहिली दोन वर्षं गेली. मग वंदना आली, निशिगंधा झाली, आणि माणूस किती दिवस एका शब्दाला धरून बसणार?

आणि आता छत्तीस वर्षांनी, अर्ध्या शटरच्या उजेडात, त्याच्या तळहातावर ते मुखपृष्ठ होतं आणि त्यावरची पाटी सोनेरी होती. वेबसाइटवरचे लोक तिला ‘दुर्मिळ सोनेरी आवृत्ती’ म्हणत होते. ही तिची प्रत होती. आणि पुस्तक ज्यानं चढवलं होतं त्याची टीप खाली होती: ‘प्रत अकोल्याहून जुन्या पुस्तकांत मिळाली. शेवटच्या पानावरच्या फुग्यात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं. ते साफ करून पान मूळ स्वरूपात दिलं आहे.’

मूळ स्वरूपात! सुधाकरला आयुष्यात फार कमी वेळा राग आला असेल, त्यातली ही एक वेळ.

चढवणारा गोकुळ नावाचा नागपूरचा तरुण होता. जुनी पुस्तकं, मासिकं जमवणारा. सुधाकरनं दोन दिवस खर्ची घालून त्याला एक निरोप लिहिला. ‘हे पुस्तक मी काढले आहे. फुग्यात काय लिहिले होते ते दाखवा.’ गोकुळचं उत्तर सभ्य होतं, पण थंड. ‘काका, हे पुस्तक मीच काढलं असं सांगणारे तुम्ही पाचवे आहात. पुरावा काय?’

पुरावा म्हणून एक प्रतही त्याच्याकडं नव्हती. वहीही नव्हती. तो दुकानात इकडं तिकडं पाहत बसला. मग त्यानं पत्र्याचा एक तुकडा घेतला, पांढरा हात मारला, वाळेस्तोवर बसून राहिला आणि काळ्या रंगानं, ब्रश न उचलता, पुस्तकातल्या फाट्यावरच्या पाटीसारखंच लिहिलं: ‘सातमोरी फाटा’. फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत फोन वाजला.

“काका,” पलीकडून आवाज आला, “हा ‘फ’ मी तीन वर्षं पाहून राह्यलो. तुमी जिवंत आहात?”

“हाव. दुकानातच आहो.”

गोकुळ भडाभडा बोलायला लागला. कुठल्या देशात कोणाला काय वाटतं, कोणाला पुस्तक पुन्हा छापायचंय. सुधाकर हं, हं करत राहिला. मग गोकुळनं विचारलंच. “तो रिकामा फुगा काका, ते तुमाले सुचलं कसं?”

“सुचलं नाही. राहून गेलं.” आणि मग, धीर करून, “पेन्सिलीनं काय लिवलं होतं?”

“अजी काही नाही, कोन्या पोरानं गिरगटल्यासारखं होतं. म्या नीट वाचलंबी नाही. पण पुसलं ते कॉम्प्युटरवर, मूळ पानाले हात नाही लावला. पाठवू फोटो?”

“पाठवा.”

“आन् ज्या बाईकडून घेतलं ना काका, त्या घर सोडून मुलीकडं निघाल्या होत्या. पुस्तकं एक एक करून सोताच देत होत्या. हे दोनदा बाजूला काढून ठेवलं त्यांनी, आन् निंगता निंगता मग देऊन टाकलं. म्हणे, कोनाले तरी दिसू द्या. नंबर आहे माह्याजवळ. देऊ?”

सुधाकरनं बाहेर पाहिलं. समोर रस्त्यावर मोताळ्याची एसटी वळत होती. हल्लीच्या गाड्यांना पाटी नसते, लाल दिव्यांची अक्षरं पळतात.

“राहू द्या,” तो म्हणाला. “आन् एक करा. पुसलेलंच राहू द्या तिथं. लोकायले दाखवू नका.”

सुधाकरनं पुन्हा अर्धं शटर ओढून घेतलं. फोटो यायला वेळ लागत होता. फोनवरचं चाक नुसतं फिरत होतं. तेवढ्यात वंदना जेवणाचा डबा घेऊन आली. रोज एक वाजता ती येते, त्याला वाढते, आणि तो जेवेस्तोवर गावच्या बातम्या सांगते. अर्धं शटर पाहून ती म्हणाली, “बरं नाही वाटत काय?”

“बरा आहो,” तो म्हणाला, आणि त्याच वेळी फोटो उघडला.

पिवळा कागद, पत्रिकांचाच. खिडकीतली मुलगी, खाली बोर्डवाला, तळाला पिंट्या, सोनी, बाळ्या. आणि फुग्यात, पेन्सिलीनं, बारीक, उजवीकडं किंचित झुकलेलं ते अक्षर, ज्याच्यावरून त्यानं आठ महिने ब्रश फिरवला होता. दोनच शब्द होते.

‘उतरू काय?’

तिनं हे कधी लिहिलं? अकोल्याला पोचल्यावर पहिल्याच दिवाळीत, की वीस वर्षांनी एखाद्या दुपारी? त्या पंधरा दिवसांत, पान तिच्याजवळ होतं तेव्हा, हे तिच्या मनात होतं का? शिडीखाली उभं राहून ‘तसंच?’ म्हणाली, तेव्हा? तिचं उत्तर म्हणून जो रिकामा फुगा त्यानं आयुष्यभर जपला, तो तर प्रश्न होता. इतकी वर्षं तो तिच्यावर मनातल्या मनात थोडासा रुसून होता. रुसायचा हक्क कुणाचा होता, ते आज कळत होतं.

वंदनानं पोळीभाजी ताटलीत काढली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. चित्र त्यानंच काढलंय, हे तिनं लगेच ओळखलं. चौतीस वर्षांचा संसार काही वाया जात नाही. फुग्यातलं तिनं ओठ हलवत वाचलं. मग बोट लावून चित्र मोठं केलं, मुलीचा चेहरा नीट पाहिला, मग खालच्या बोर्डवाल्याचा. तो चेहराही तिच्या ओळखीचा होता.

“विचारून राह्यली बिचारी,” शेवटी ती म्हणाली. “गाडी निंगाची वेळ झाली आन् ते विचारून राह्यली. मंग यानं काय म्हटलं?”

“काही नाही.”

“काऊन? ब्रश धरून नुसता उभा? एवढंसं तोंड उघडाले काय झालं होतं याले?”

सुधाकरनं पुन्हा फोनकडं पाहिलं. त्या वेबसाइटवर दोनशे माणसं तीन वर्षं भांडली होती, मुलीच्या फुग्यावरून, तळाच्या ओळीवरून, सोनेरी पाटीवरून. हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याच्याही नाही. कोण बोलणार ते तू ठरव, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिच्यासाठी त्यानं केवढा मोठा फुगा काढला होता.

“त्याच्याजवळ फुगाच नाही,” तो म्हणाला. “मी काढलाच नाही त्याले.”